मानेतली नस ब्लॉक निघाली: टीआयए (मिनी स्ट्रोक) क्लिनिक ते ऑपरेशन, पूर्ण सेवेचा रिव्ह्यू

बाबांच्या उजव्या कॅरोटिड आर्टरीचं, म्हणजे मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या नसेचं, निदान आणि ऑपरेशन ज्या हॉस्पिटलात झालं त्यांच्या सेवेबद्दल लिहितोय. नाव देत नाही, कारण तक्रारी पण लिहिणार आहे. नाव नसलं तरी काही अडणार नाही असं मला वाटतं, कारण अशी सेवा चांगली की वाईट हे कशावरून ओळखायचं तेच बहुतेकांना माहीत नसतं. लॉबी चकाचक आहे, मशीन नवीन आहे, रिसेप्शनवरची माणसं गोड बोलतात, यावरून लोक स्टार देऊन मोकळे होतात. मी बघितलं ते हे, की लक्षण येऊन गेलेल्या माणसाला किती तातडीने तपासलं, ऑपरेशन कुणाला लागतं आणि कुणाला नाही हे स्पष्ट सांगितलं का, आणि सर्जननी स्वतःच्या कामाचे आकडे विचारल्यावर दिले का. या तिन्हीत पैकीच्या पैकी. डिस्चार्जच्या कागदांना मात्र पाचपैकी दोन, ते पुढे येईलच.

आधी बाबांना काय झालं ते. उजव्या डोळ्यासमोर वरून खाली राखाडी पडदा उतरला, काही मिनिटं त्या डोळ्याने काहीच दिसेना, मग पडदा आपोआप गेला आणि सगळं पहिल्यासारखं. दुखलं नाही, चक्कर नाही, हातपाय ठीक. असं झालं की माणूस डोळ्याच्या डॉक्टरकडे जातो, बाबाही तिकडेच गेले, आणि पहिलं श्रेय त्या डोळ्यांच्या मॅडमना द्यायला हवं. त्यांनी थेंब टाकून आत बघितलं तर डोळ्याच्या पडद्यावरच्या एका बारीक रक्तवाहिनीत पिवळसर चमकणारा कण दिसला, कोलेस्टेरॉलचा. त्या म्हणाल्या, "काका, हा कण डोळ्यात तयार झालेला नाही, मानेकडून वाहत आलेला असणार. चष्म्याचा नंबर नंतर बघू, तुम्ही आजच टीआयए क्लिनिकला जा." आणि नुसतं सांगून थांबल्या नाहीत, स्वतः क्लिनिकला फोन लावला आणि चिठ्ठीवर वेळेसकट लिहून दिलं.

मानेतल्या नसेचा आणि डोळ्याचा संबंध काय हे आम्हाला क्लिनिकमध्ये कळलं. मानेत दोन्ही बाजूंना एकेक कॅरोटिड असते, ती वर येऊन कंठाच्या वरच्या कडेच्या आसपास दुभागते, एक फाटा चेहऱ्याकडे आणि एक आत मेंदूकडे. आतल्या फाट्याची पहिली मोठी शाखा डोळ्याला जाते. म्हणून उजव्या कॅरोटिडमधून कण सुटला तर उजवा डोळा जातो, पण तोच कण मेंदूत गेला तर डावा हात, डावा पाय, तोंडाची डावी बाजू लुळी पडते. आणि डावी कॅरोटिड असेल तर उजवं अंग, आणि बऱ्याच जणांचं बोलणं पण. हे इतकं सरळ चित्र काढून कुणी सांगितलं की पुढचे सगळे निर्णय समजायला लागतात, आणि क्लिनिकच्या डॉक्टरांनी ते खरोखर कागदावर काढून दाखवलं, तो कागद आम्ही घरी घेऊन आलो.

टीआयए म्हणजे ज्याला लोक मिनी स्ट्रोक म्हणतात ते. येतं, काही मिनिटांत जातं, आणि गेलं म्हणून लोक सोडून देतात. इथेच खरा धोका आहे हो. टीआयए झाल्यावर मोठा स्ट्रोक येण्याची भीती सगळ्यात जास्त पहिल्या दोन दिवसांत असते आणि पुढचे दोन आठवडे टिकून असते, म्हणजे "पुढच्या महिन्याची अपॉइंटमेंट आहे" हे उत्तर या बाबतीत उत्तरच नाही. ऑक्सफर्डमध्ये झालेला, २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, एक्स्प्रेस नावाचा, त्यात टीआयए आणि छोट्या स्ट्रोकच्या पेशंटना लगेच तपासून लगेच औषधं सुरू केल्यावर ९० दिवसांत परत स्ट्रोक येण्याचं प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आलं. औषधं काही नवीन शोधलेली नव्हती, तीच नेहमीची होती, फक्त ती आधी मिळाली. या क्लिनिकची रचनाच या विचारावर आहे आणि ते जाणवतं. बाबांना त्याच दिवशी बघितलं, त्याच दिवशी ईसीजी, साखर, बीपी, मेंदूचा एमआरआय आणि मानेचं कलर डॉपलर. एमआरआयमध्ये रक्तस्राव नाही हे बघून मगच रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आणि स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, सुरू केलं, आणि पहिला डोस तिथेच, सिस्टरसमोर घ्यायला लावला.

वेटिंग एरियात भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय की लक्षण आत्ता चालू असेल तर या क्लिनिकला येऊ नका, ॲम्ब्युलन्स बोलवा आणि थेट इमर्जन्सीला जा. तोंड वाकडं, हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय, यातलं काहीही अचानक. कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. फोनवरची मुलगी पण पहिला प्रश्न हाच विचारते, "आत्ता त्रास होतोय का?" आणि मगच नाव विचारते. हे मला फार आवडलं.

आता डॉपलर. ही टेस्ट दुखत नाही, सुई नाही, रेडिएशन नाही. पाठीवर झोपवून मान दुसऱ्या बाजूला वळवतात, जेल लावतात आणि सोनोग्राफीचा प्रोब मानेवरून फिरवतात. नस बारीक झाली की तिथून रक्त जोरात धावतं आणि मशीन तो वेग मोजतं. आतल्या कॅरोटिडमध्ये वेग सेकंदाला १२५ सेंटीमीटरच्या वर गेला तर ५० टक्के किंवा जास्त अरुंद, २३० च्या वर गेला तर ७० टक्के किंवा जास्त, असा ढोबळ हिशोब बहुतेक ठिकाणी वापरतात, अर्थात सोबत चित्र आणि बाकीचे आकडे बघून. बाबांचा वेग त्या दुसऱ्या आकड्याच्या बराच वर होता. टेस्ट करणाऱ्या ताईंनी घाई केली नाही, दोन्ही बाजू बघितल्या, मागून जाणाऱ्या व्हर्टिब्रल नसा पण बघितल्या, आणि प्लाक, म्हणजे नसेच्या भिंतीत साचलेला चरबीचा थर, कसा दिसतो, मऊ आहे की कॅल्शियम धरलेला, पृष्ठभाग खडबडीत आहे का, हे पण लिहिलं. चांगल्या रिपोर्टची ओळख हीच आहे. नुसतं "माइल्ड ॲथेरोस्क्लेरोटिक चेंजेस" लिहून सोडलेला रिपोर्ट घेऊन कुठल्याही सर्जनकडे गेलात तरी टेस्ट परत करावी लागणार.

एक गोष्ट ताईंनी आपणहून सांगितली जी मला आधी माहीत नव्हती. नस जवळजवळ पूर्ण बंद होत आली की रक्ताचा वेग उलट कमी होतो, आणि मग फक्त आकडा बघणाऱ्याला वाटतं की सगळं छान आहे. म्हणून एका टेस्टवर कुणी ऑपरेशन ठरवत नाही. बाबांची सीटी अँजिओग्राफी पण झाली. त्यात हातातून डाय देतात, अंगात एकदम गरम लाट आल्यासारखं वाटतं, ते नॉर्मल आहे. आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची टेस्ट, बघितलं, डायबेटिसच्या गोळ्या कुठल्या चालू आहेत ते विचारलं, ॲलर्जी विचारली. दोन्ही टेस्ट जुळल्या तेव्हाच पुढचं बोलणं.

टक्क्यांचा घोळ मात्र सगळ्यांनी समजून घ्यायला हवा, कारण लोक एकमेकांना "तुमचं किती टक्के" असं विचारतात आणि घाबरतात किंवा निर्धास्त होतात. हे टक्के मोजायच्या दोन पद्धती आहेत. उत्तर अमेरिकेतल्या नॅसेट अभ्यासाच्या पद्धतीत अरुंद जागेची तुलना वरच्या निरोगी नसेशी करतात, युरोपातल्या अभ्यासाच्या पद्धतीत त्याच जागी नस मुळात किती रुंद असेल याच्याशी. नॅसेटने ५० टक्के आलेली नस युरोपीय पद्धतीने साधारण ७५ टक्के येते. नस तीच, माणूस तोच! आमच्या रिपोर्टवर खाली एका ओळीत पद्धत लिहिलेली होती. नसेल तर विचारा, आणि विचारलं म्हणून कुणी वैतागलं तर ती लॅब बदला.

इथे मावशीची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण तेच डॉपलर वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या कारणाने केलं की काय होतं ते त्यात दिसतं. मावशीला कसलंही लक्षण नव्हतं. एका डायग्नोस्टिक सेंटरचं पूर्ण बॉडी चेकअपचं पॅकेज तिने घेतलं, त्यात मानेचं डॉपलर होतं, आणि रिपोर्टमध्ये डाव्या बाजूला ५० टक्के आलं. डॉक्टरांशी बोलणं नाही, ईमेलवर पीडीएफ, त्यात लाल अक्षरात "सिग्निफिकंट", आणि दुसऱ्या दिवसापासून पुढच्या टेस्टसाठी फोनवर फोन. ती झोपायची बंद झाली. मान वळवायला घाबरायला लागली. त्या सेंटरला माझ्याकडून शून्य स्टार, मशीन कितीही चांगलं असो.

कारण असं आहे की लक्षण नसलेल्या सगळ्याच माणसांची सरसकट मानेची तपासणी करू नये, असं अमेरिकेतली प्रतिबंधक आरोग्यसेवेची सरकारी सल्लागार समिती स्पष्ट सांगते, २०१४ मध्ये सांगितलं आणि २०२१ मध्ये परत तेच सांगितलं. लोकांमध्ये गंभीर ब्लॉकेज कमी जणांत असतं, टेस्ट काही वेळा खोटा इशारा देते, मग त्यामागे आणखी टेस्ट, कधी नको असलेलं ऑपरेशन, आणि त्या ऑपरेशनमध्येच स्ट्रोक येऊ शकतो. मावशीला आम्ही याच क्लिनिकमध्ये आणलं. तिथल्या डॉक्टरांनी तिला दहा-पंधरा मिनिटं नुसतं बोलू दिलं, मग म्हणाले, "मावशी, तुमच्या नसेत चरबी साचलीये हे खरं आहे आणि त्यासाठी गोळी घ्यायची आहे, पण ऑपरेशनचा विषय डोक्यातून काढा. मान पण बिनधास्त वळवा." स्टॅटिन, बीपीची गोळी नीट वेळेवर, आणि ठरावीक काळाने एक डॉपलर, एवढंच. ऑपरेशन विकायची संधी समोर होती आणि त्यांनी ती घेतली नाही, यावरून मला त्या जागेबद्दल जितकं कळलं तितकं कशावरूनच कळलं नाही.

लक्षण नसताना ७० टक्क्यांच्या वर ब्लॉकेज असेल तर काय, हा प्रश्न मी तिथेच विचारून घेतला. पूर्वी, १९९५ साली आलेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात ६० टक्क्यांच्या वर ब्लॉकेज असलेल्या अशा लोकांत ऑपरेशनमुळे पाच वर्षांतला स्ट्रोकचा धोका साधारण ११ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला होता. पण तेव्हा आजच्यासारखी स्टॅटिन सर्रास दिली जात नव्हती. आता औषधांवरच धोका बराच कमी राहतो. २०२५ च्या शेवटी क्रेस्ट-२ या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले, त्यात चांगल्या औषधोपचारासोबत स्टेंट, म्हणजे नस आतून उघडी ठेवणारी जाळी, टाकलेल्यांना थोडा फायदा दिसला आणि ऑपरेशनवाल्यांमधला फरक ठोस म्हणण्याइतका नव्हता, आणि सगळ्याच गटांत स्ट्रोक कमीच होते. म्हणजे घाई नाही, बसून विचार करून ठरवायची गोष्ट आहे.

बाबांचं गणित वेगळं, कारण त्यांना लक्षण येऊन गेलेलं. इथे आकडे अगदी वेगळे होतात आणि हाच मुद्दा मला सगळ्यांच्या डोक्यात बसवायचाय. १९९१ च्या नॅसेट अभ्यासात, टीआयए किंवा छोटा स्ट्रोक होऊन गेलेल्या आणि ७० ते ९९ टक्के ब्लॉकेज असलेल्या लोकांना फक्त औषधांवर ठेवलं तर दोन वर्षांत त्याच बाजूचा स्ट्रोक २६ टक्के लोकांना आला, ऑपरेशन केलेल्यांत ९ टक्के. म्हणजे सहा ऑपरेशनांमागे साधारण एक स्ट्रोक टळला. ५० ते ६९ टक्क्यांत फायदा आहे पण कमी, ५० च्या खाली फायदा नाही. आणि नस १०० टक्के बंद झाली असेल तर सहसा तिला हातच लावत नाहीत, हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. पण या आजारात स्ट्रोक बहुतेक वेळा मानेतली नस बंद झाल्यामुळे येत नाही, तिथल्या प्लाकवरून तुकडा किंवा गुठळी सुटून वर गेल्यामुळे येतो. नदीला फाटा फुटतो तिथे प्रवाह मंदावतो आणि गाळ धरतो, तसा हा प्लाक दुभागण्याच्या जागीच धरतो, आणि प्रवाह आहे तोपर्यंतच त्यातलं काहीतरी वाहून जाण्याची भीती असते.

ऑपरेशन की स्टेंट यावर एकाच टेबलाशी व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचे) सर्जन, न्यूरोलॉजिस्ट आणि स्टेंट टाकणारे डॉक्टर बसले आणि आम्हालाही बसवलं. हे सगळीकडे होत नाही. बऱ्याच ठिकाणी तुम्ही आधी ज्याच्याकडे जाल तो त्याला येतं ते सुचवतो. २०१० च्या क्रेस्ट अभ्यासात एकूण निकाल दोन्हींचा सारखाच होता, पण स्टेंटमध्ये स्ट्रोक जरा जास्त आणि ऑपरेशनमध्ये हार्ट अटॅक जरा जास्त, आणि साधारण सत्तरीच्या पुढे ऑपरेशनचं पारडं जड. कारण वय झालं की वरच्या महाधमनीपासूनच नसा वाकड्यातिकड्या आणि कडक होतात, त्यातून वायर नेताना कण सुटू शकतात. ज्यांच्या मानेवर आधी रेडिएशन झालंय, किंवा ब्लॉकेज खूप वर जबड्यामागे आहे, किंवा हार्ट फार कमजोर आहे, त्यांना स्टेंट बरं पडतं. बाबा सत्तरीच्या पुढचे, हार्टची इको चांगली, ब्लॉकेज हाताला येईल अशा जागी. स्टेंटवाले डॉक्टर स्वतःच म्हणाले की माझ्यापेक्षा सर्जनकडे द्या.

मग मी सर्जनना थेट विचारलं की सर, तुमच्या हातून या ऑपरेशनमध्ये स्ट्रोक किंवा मृत्यू किती जणांना होतो. मनात धाकधूक होती की रागावतील. त्यांनी शांतपणे वर्षाच्या ऑडिटचा कागद काढून समोर ठेवला. सर्वसाधारण नियम असा की लक्षणं असलेल्या पेशंटमध्ये हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आत हवं, लक्षणं नसलेल्यांत ३ च्या आत, नाहीतर ऑपरेशनचा फायदाच उरत नाही, आणि त्यांचे आकडे त्याच्या बरेच खाली होते. किती ऑपरेशन्स करतात ते पण सांगितलं. हा प्रश्न विचाराच. जो सर्जन हे काम नेहमी करतो त्याच्याकडे हा कागद असतोच.

तारीख पण लगेच दिली, लक्षण आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत बसेल अशी, कारण फायदा सगळ्यात जास्त तेव्हाच असतो आणि नंतर दर आठवड्याला घटत जातो.

ऑपरेशन लोकल भूल देऊन झालं, बाबा पूर्ण वेळ जागे. पूर्ण भूल देऊनही करतात, २००८ च्या गाला अभ्यासात दोन्हींत फरक निघाला नव्हता, सर्जन आणि भूलतज्ज्ञ ज्यात सरावलेले असतील ते करावं. मानेच्या बाजूने चिरा देतात, नस वरून आणि खालून क्लॅम्प करतात, उघडतात, आतला प्लाक सोलून काढतात आणि बहुतेकदा पॅच लावून शिवतात म्हणजे शिवताना नस परत अरुंद होत नाही. क्लॅम्प लावल्यावर त्या बाजूचं रक्त थांबतं, मग मेंदूचं काय? मेंदूच्या तळाशी नसांचं एक वर्तुळ असतं, दुसऱ्या बाजूचं रक्त त्यातून येतं, आणि ज्यांना ते पुरत नाही त्यांना तात्पुरती नळी घालून रक्त चालू ठेवतात. पुरतंय की नाही हे कळायला बाबांच्या डाव्या हातात पिळलं की आवाज करणारं रबरी खेळणं दिलं होतं. भूलतज्ज्ञ मॅडम थोड्या थोड्या वेळाने म्हणायच्या, "काका, दाबा," आणि गप्पा मारत राहायच्या, शाळेचं नाव विचार, उलटे आकडे म्हणायला लाव. आवाज आला, बोलणं स्पष्ट आहे, म्हणजे मेंदू ठीक. इतकी महागडी उपकरणं असलेल्या खोलीत सगळ्यात भरवशाचा मॉनिटर म्हणजे बोलणारा पेशंट, हे ऐकून मला अक्षरशः भरून आलं.

लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये १९५४ साली कॅरोटिडचा अरुंद भाग काढून नस परत जोडल्याचं ऑपरेशन लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलं, तिथून हे सगळं गाजलं. त्याआधी १९५१ मध्ये मिलर फिशर या न्यूरोलॉजिस्टनी मानेतली नस आणि स्ट्रोक यांचा संबंध ठामपणे मांडला होता. त्या काळी लोक स्ट्रोकचं मूळ डोक्यातच शोधायचे. सर्जन हे सांगताना इतके रंगले होते की सिस्टरना येऊन आठवण करून द्यावी लागली की पुढचा पेशंट थांबलाय, आणि मला ते खूप आवडलं, आपल्या कामावर असं प्रेम असलेल्या माणसाच्या हाती बाबा होते.

ऑपरेशननंतरची पहिली रात्र हाय डिपेंडन्सी युनिटमध्ये. तिथल्या सिस्टर उत्तम. बीपी सतत बघत होत्या, मानेवरची सूज बघत होत्या, जीभ बाहेर काढायला लावायच्या, हसायला लावायच्या. याला कारण आहे. मानेत रक्त साचलं तर श्वासनळी दबू शकते, ती इमर्जन्सी असते. जीभ हलवणारी, आवाजाची आणि ओठाच्या कोपऱ्याची अशा नर्व्ह त्याच भागातून जातात आणि त्यांना धक्का लागू शकतो. बाबांचा आवाज काही काळ घोगरा होता आणि कानाची पाळी बधिर, दोन्हींची शक्यता आधीच सांगितली होती म्हणून आम्ही घाबरलो नाही. आवाज सुधारला. पाळी अजून थोडी बधिर आहे, दाढी करताना जपावं लागतं.

आता तक्रार, आणि ती साधी नाही. डिस्चार्जच्या कागदांत एका पानावर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या लिहिलेल्या, दुसऱ्या पानावर फक्त एकच, आणि किती दिवस घ्यायचं ते कुठेच नाही. इतकी काटेकोर ट्रीटमेंट करून शेवटच्या कागदावर असा गोंधळ, आणि गोळी चुकली तर गुठळी होऊ शकते, दोन्ही उगाच चालू राहिल्या तर रक्तस्राव! बहिणीने घरी जायच्या आधीच पकडलं म्हणून बरं, पण ज्यांच्या घरी कागद वाचणारं कुणी नाही त्यांचं काय? दुसरं म्हणजे डोकेदुखीची सूचना कागदावर नव्हती. खूप दिवस कमी रक्त मिळालेल्या मेंदूला अचानक भरपूर रक्त मिळालं की काही जणांना पुढच्या काही दिवसांत त्या बाजूचं डोकं जोरात दुखतं, बीपी चढतं, फिट येऊ शकते, क्वचित मेंदूत रक्तस्राव. हायपरपर्फ्युजन म्हणतात. सर्जननी तोंडी सांगितलं होतं, पण थकलेल्या घरच्यांना तोंडी सांगितलेलं किती लक्षात राहणार. घरी बीपी मोजायचं, किती वर गेलं की फोन करायचा, हे सगळं मोठ्या अक्षरात एका पानावर पाहिजे. मी लेखी तक्रार दिली, व्हॅस्क्युलरच्या नर्स मॅडमनी स्वतः फोन करून गोळ्यांचा गोंधळ दूर केला आणि नवीन कागद पाठवला, पण फॉर्म बदलला की नाही ते मला कळवलेलं नाही, म्हणून स्टार वाढवत नाही.

फॉलोअप चांगला आहे. ऑपरेशन झालं म्हणजे आजार गेला असं ते एकदाही म्हणाले नाहीत, कारण हाच आजार हृदयाच्या नसांत पण असतो. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७० च्या खाली आणायचं, बीपी १३०/८० च्या खाली, साखर आटोक्यात, आणि बाबांची सिगारेट. त्यासाठी वेगळे समुपदेशक आहेत, ओरडत नाहीत, निकोटिनचे पॅच आणि गोळ्यांबद्दल नीट सांगतात, बाबा त्यांच्याकडे आपणहून जातात. डाव्या बाजूला साधारण ४० टक्के आहे, त्याला फक्त औषधं. "दुसरी बाजू पण आत्ताच करून टाका" असं एका नातेवाइकांनी सुचवलं होतं, क्लिनिकने सरळ नाही म्हटलं.

अजून एक, नुसती चक्कर येते म्हणून कॅरोटिड डॉपलर करून घ्यायला येणारे लोक तिथे खूप दिसले. नुसती चक्कर सहसा या नसेमुळे नसते, कानामुळे, बीपीमुळे किंवा दुसऱ्या कशामुळे असते, आणि तिथले डॉक्टर आधी तेच तपासतात.

पुढचं डॉपलर करताना शक्यतो त्याच लॅबमध्ये करा, कारण मशीन आणि हात बदलला की वेगाचे आकडे थोडे बदलतात आणि उगाच वाढल्यासारखे दिसतात. जुना रिपोर्ट सोबत न्या. आणि अपॉइंटमेंटसाठी यांचं ऑनलाइन पोर्टल वापरू नका, फार अडकतं, व्हॅस्क्युलर नर्सच्या नंबरवर सकाळी फोन करा, उचलतात.